कॅनडातल्या एडमंटनच्या पहिल्या हिवाळ्याआधी गाडीची बॅटरी घेताना

अरे, आधी बॅटरीवरचा सीसीएचा (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे थंडीत गाडी सुरू करायची ताकद) आकडा बघ. उणे 18 अंशांना बॅटरी 30 सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलाय त्यापेक्षा कमी नकोच. पॉझिटिव्ह टोक कुठल्या बाजूला आहे तेही दुकानातच जुळव, नाहीतर वायर पोचत नाही. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. क्रम चुकला आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, की थेट शॉर्ट. बॅटरी जागेवर धरणारी पट्टी घट्ट आवळ.

सगळ्यात जपायचं ते चार्जिंग. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 40लाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे 10च्या आधीच गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंप (दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू करणं) मुळीच देऊ नकोस, फुटू शकते. आधी घरात आणून पूर्ण वितळू दे, आणि कवच तडकलं असेल तर सरळ बदल.