नाकाबंदीतून बाइकवाला पळाला, तर मुंबई पोलिसांनी त्याचा पाठलाग करावा का?

हेल्मेट नाही किंवा ट्रिपल सीट एवढंच कारण असेल, तर नाही. अजिबात नाही.

माझे बाबा ट्रॅफिकला हवालदार होते. ई-चलान यायच्या आधीची गोष्ट आहे. लालबागला भारतमाताच्या सिग्नलजवळ नाकाबंदी होती. एका बाइकवर तिघं आले, पोलीस दिसताच गाडी वळवली आणि राँग साइडने परळकडे सुटले. नवीन भरती झालेला एक शिपाई बुलेटला किक मारायला लागला. बाबांनी त्याचा खांदा धरला आणि म्हणाले, "नंबर घे, बस." साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. बाबा गप्प राहिले. पुढे ताडदेव आरटीओतून पत्ता निघाला. गाडी बापाच्या नावावर होती आणि चालवणाऱ्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बापाने स्वतःच त्याला कॉलर धरून चौकीत आणलं. त्या वेळी परळला गिरणगावातली गर्दी रस्त्यावर होती. मागे बुलेट लागली असती तर त्या पोराने वेग वाढवलाच असता, आणि मेली असती भाजी घेऊन घरी निघालेली कोणीतरी बाई.

हे मी आमच्या मामांना वर्षानुवर्षं सांगतेय. दर गणपतीत आरती संपली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "दाजींनी पळू दिलं, म्हणून ही पोरं माजलीत." मामींचं मंगळसूत्र शिवाजी पार्कला बाइकवाल्यांनी खेचलं होतं. समोर पोलीस होता, तो मागे धावला नाही, हा राग. राग कळतो मला. पण चोर वळले रानडे रोडला, तेही संध्याकाळी सहाला! तिथे चालायला जागा नसते, पाठलाग कुठून करणार?

आणि पळून जाणार तरी कुठे? शहरात हजारो कॅमेरे आहेत. बाहेर पडायचं म्हटलं की दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी हेच मोठे रस्ते. वायरलेसवर पुढच्या चौकीला कळवलं की पुढे बॅरिकेड लागतं. मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेटचा दंड 1,000 रुपये आणि लायसन्स 3 महिने निलंबित. असल्या दंडासाठी कारच्या बॉनेटवर लटकणाऱ्या हवालदाराला शूर म्हणू नका, त्याच्या घरी कोण वाट बघतंय ते विचारा. 2016 मध्ये खारला ट्रॅफिक हवालदार विलास शिंदेंनी विनाहेल्मेटच्या मुलाला फक्त अडवलं, तर त्याच्या भावाने डोक्यात घातलेल्या घावाने ते गेले. आमच्या घरी त्या आठवड्यात टीव्ही कोणी बंदच केला नाही.

हां, कोणाला चिरडून पळणारा, मूल पळवून नेणारा, हत्यारबंद, त्यांच्या मागे जायलाच हवं, तेही माणूस आणि रस्ता बघून. चोरीच्या गाडीचा नंबर घेऊन काही होत नाही हेही खरं. मामींच्या केसमध्ये बहुतेक तेच झालं असावं, तेवढं मी मानते.

पण पळणाऱ्यांत अल्पवयीन पोरं असतात त्याचं काय? 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आहे: मुलगा गाडीवर, पण 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीच्या मालकाला, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मामांचा नातू दहावीत आहे आणि क्लासला ॲक्टिव्हा घेऊन जातो. गाडी मामांच्या नावावर आहे.