हर्पीस असताना पोटाची सौंदर्य-शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : माझे वय ३९ आहे. दोन बाळंतपणांनंतर पोटाची सैल झालेली त्वचा व्यायामाने आवळली नाही, म्हणून टमी टक (सैल त्वचा काढून पोट आवळण्याची शस्त्रक्रिया) करून घ्यायचे ठरवले असून तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. सात वर्षांपूर्वी मला गुप्तांगाजवळ हर्पीसचे फोड आले होते. ते अजूनही वर्षातून एक-दोनदा येतात आणि आठवडाभरात सुकतात. सर्जनच्या फॉर्मवरचा ‘जुने संसर्ग’ हा रकाना मी संकोचाने कोरा ठेवला आहे. खरे सांगितले तर शस्त्रक्रिया नाकारतील का? आणि विषाणू जखमेत पसरेल का?

उत्तर : आधी तो रकाना भरा. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या ज्या तपासण्या होतात त्यांत साधारणपणे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी पाहतात, हर्पीस पाहत नाहीत. त्यामुळे ही माहिती सर्जनपर्यंत तुमच्याकडूनच पोहोचू शकते. केवळ हर्पीस आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे वैद्यकीय कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार आहे, आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १३ टक्के लोकांमध्ये दुसरा. मात्र लिहिताना ‘नागीण’ असे लिहू नका. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि त्या शब्दाने डॉक्टरांची दिशाभूल होईल.

हर्पीसचा विषाणू एरवी कण्याच्या खालच्या भागाजवळील मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त पडून असतो आणि जागा झाला की त्याच मज्जातंतूंवरून खाली उतरून साधारण ठरावीक जागीच फोड आणतो. तो आपणहून रक्तातून फिरत पोटाच्या जखमेत जाऊन बसेल, ही भीती तुमच्यासारख्या एरवी निरोगी व्यक्तीने बाळगू नये. खरा धोका स्पर्शाचा आहे. टमी टकचा छेद जघनकेसांच्या थोडा वर, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या नेहमीच्या फोडांपासून फार लांब नाही. ओल्या फोडाला लागलेला हात ताज्या टाक्यांवर गेला, तर विषाणूला उघडी त्वचा आयतीच मिळते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फोड दिसला, किंवा फोड येण्यापूर्वीची ओळखीची जळजळ आणि मुंग्या जाणवल्या, तर रुग्णालयात जाण्यापूर्वीच फोन करून कळवा. फोड सुकून त्वचा पूर्ववत होईपर्यंत तारीख पुढे ढकलणेच योग्य, कारण या शस्त्रक्रियेची घाई कधीच नसते. फोड नसतील, तर शस्त्रक्रिया करता येते. चेहऱ्याच्या खोल लेझर उपचारात वरची त्वचाच निघत असल्याने हर्पीसविरोधी गोळ्या आधीपासून देण्याचा प्रघात आहे. पोटाच्या बाबतीत मात्र तुमचे फोड किती वेळा येतात हे पाहून सर्जन ठरवतील. अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे हर्पीसचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असल्यास मात्रा बदलावी लागते. घरातली उरलेली पाकिटे परस्पर सुरू करू नका.

नंतरचे दोन-तीन आठवडे अधिक जपावे लागतील, कारण शस्त्रक्रियेचा ताण आणि थकवा यांमुळे फोड पुन्हा येऊ शकतात. शिवाय टमी टकनंतर पोटाचा खालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, आणि तेथे काही उठले तरी जळजळ जाणवेलच असे नाही. सुरुवातीला कमरेत वाकून चालावे लागत असल्याने छेदाच्या खालचे नीट दिसतही नाही. तेव्हा ड्रेसिंगच्या वेळी हातात आरसा धरून पाहा. लाल त्वचेवर घोळक्याने आलेले, पाण्याने भरलेले बारीक फोड हर्पीसचे असण्याची शक्यता जास्त. टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, ऊब, पू आणि ताप ही जिवाणू-संसर्गाची लक्षणे. दोन्हींचे औषध वेगळे आहे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शंका असल्यास सर्जनकडे फोडाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) तपासून घेण्याचा आग्रह धरा आणि त्याच दिवशी जा, कारण हर्पीसच्या गोळ्यांचा उपयोग पहिल्या दिवशी सर्वाधिक होतो. दरम्यान, जखमेचे ड्रेसिंग आधी उरका, फोडांना औषध नंतर लावा आणि दोन्हींच्या मध्ये साबणाने हात धुवा.

संकोच फॉर्मचा नसून तो स्वागतकक्षात कोण वाचेल याचा असेल, तर ‘सर्जनशी एकांतात बोलायचे आहे’ एवढेच लिहा आणि त्या भेटीत सगळे सांगा. भूलतज्ज्ञांनाही ते कळू द्या.