180 अंशांवरच तेल धुरायला का लागतं?

रिफाइंड तेलाचा स्मोक पॉइंट, म्हणजे तेल धुरायला लागतं ते तापमान, 230 अंश, थर्मामीटर दाखवतोय 180, तरी तिसऱ्या तळणाला धूर आणि फेस. तुमचा थर्मामीटर बहुतेक ठीकच आहे. 230 हा आकडा कोऱ्या तेलाचा असतो. एकदा तळलं की तो घसरायला लागतो.

तळताना पदार्थातल्या पाण्याची वाफ होते आणि ती तेलाचे रेणू फोडते. त्यातून फॅटी ॲसिडं सुटी होतात आणि तीच आधी धुरतात. कोऱ्या रिफाइंड तेलात त्यांचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आतबाहेर असतं. ते एक टक्क्याकडे गेलं की तळणाच्या तापमानालाच धूर निघतो. घाण्याच्या तेलात ती मुळातच जास्त, म्हणून ते लवकर धुरतं.

फेसाकडे मात्र नीट बघा. मोठे, पटापट फुटणारे बुडबुडे म्हणजे नुसता ओलावा, त्याची काळजी नको. बारीक, पिवळट, काठाकडे चढणारा आणि पदार्थ काढल्यावरही न बसणारा फेस दिसला, तर तेलाचे रेणू एकमेकांना चिकटून ते दाट झालंय. कढईच्या काठावर घासूनही न निघणारा चिकट पिवळा थर असतो ना, तोच हा प्रकार. असं तेल टाकून द्या. त्यात नवं तेल ओतलं तर जुनं सुधारत नाही, नवंही लवकर बिघडतं.

पुढच्या वेळी पदार्थ कोरडा पुसून घ्या, मीठ तळल्यावर भुरभुरा, तापमान 175 ते 180 ठेवा. एका वेळी इतकंच घाला की तेल 160 च्या खाली उतरणार नाही. शेवटचा घाणा निघाला की लगेच गॅस बंद. नुसतं तापत ठेवलेलं तेलही हवेने खराब होतं. कोमट झालं की कापडातून गाळा, कारण तळाशी राहिलेला चुरा पुढच्या वेळी करपतो आणि तेल काळं करतो. मग घट्ट झाकणाच्या, जवळजवळ भरलेल्या डब्यात अंधारात ठेवा. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नकोच, तांब्याने तेल फार लवकर खवट होतं.

तेल निवडताना स्मोक पॉइंटपेक्षा ओलेइक ॲसिड (तेलाच्या रेणूतच बांधलेलं, हवेने हळू बिघडणारं फॅटी ॲसिड) किती आहे ते बघा. ओलेइक जास्त असलेलं तेल लिनोलेइक (हवेने लवकर बिघडणारं फॅटी ॲसिड) जास्त असलेल्या तेलापेक्षा बरंच टिकतं, दोघांचा स्मोक पॉइंट सारखा असला तरी.