वाचकांचे प्रश्न : स्थलांतर, घरचा दहशतवाद आणि सरकारचे कर्तव्य

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अकरा वर्षांपासून टोरोंटोजवळ राहतात. नातवाचा जन्मही तिथलाच. दहशतवाद बाहेरून येणाऱ्या लोकांबरोबर येतो, म्हणून स्थलांतरच थांबवावे, असे तिकडे आता उघडपणे बोलले जाते, याची मुलीला काळजी वाटते. या म्हणण्यात तथ्य किती? आणि सरकारांनी नेमके काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला नातू ज्या देशात जन्मला, त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दहशतवादी हत्याकांडापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर त्यात आहे.

२३ जून १९८५ रोजी टोरोंटो-माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने फुटले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. आपल्याकडे ही घटना भारतीय विमानाचा घातपात म्हणून लक्षात राहिली. पण मृतांपैकी २६८ जण कॅनडाचे नागरिक होते, बहुतेक भारतीय वंशाचे, आणि त्यांत सुटीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली कितीतरी मुले होती. कट कॅनडात शिजला, बॉम्ब तिथेच तयार झाला आणि बॅग व्हँकुव्हरच्या विमानतळावर सामानात गेली. ती देणारा प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. कट रचणारे खलिस्तानवादी अतिरेकी स्थलांतरितांमधलेच होते, हे खरे आहे. बळी पडले तेही स्थलांतरितच होते, आणि धोक्याची सूचना ज्यांनी सर्वांत आधी दिली तेही स्थलांतरितच होते, हेही तितकेच खरे आहे. स्थलांतर थांबवा म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात यातले पहिले सत्य तेवढे येते.

स्फोटाच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९८५ मध्ये, उज्जल दोसांझ या शीख वकिलाने हिंसेच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली म्हणून त्यांना लोखंडी गजाने मारहाण झाली. (पुढे हेच दोसांझ ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले.) पंजाबी साप्ताहिकाचे संपादक तारासिंग हेअर यांच्यावर १९८८ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचे चालणे कायमचे थांबले, तरीही त्यांनी 'कनिष्क' प्रकरणात पोलिसांना जबाब दिला. १९९८ मध्ये त्यांची त्यांच्या घरीच हत्या झाली आणि साक्षीदारच न उरल्यामुळे तो जबाब न्यायालयात पुरावा म्हणून वापरता आला नाही. शासनाला मदत करायला पुढे आलेल्या माणसाला शासनाने वाचवले नाही, तर त्याच्यामागून दुसरा कोण पुढे येईल?

सरकारी यंत्रणांचे वागणे वाचताना आजही मन विषण्ण होते. मुख्य संशयितावर पाळत ठेवणाऱ्या गुप्तचर अधिकाऱ्यांनी स्फोटाच्या तीन आठवडे आधी व्हँकुव्हर बेटावरच्या रानातून मोठा धमाका ऐकला आणि तो बंदुकीचा बार समजून सोडून दिला. त्याच्या दूरध्वनी संभाषणांच्या शेकडो ध्वनिफिती पुढे पुसल्या गेल्या. गुप्तचर खाते आणि पोलीस एकमेकांना माहिती देत नव्हते. टोरोंटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र नेमके त्या दिवशी बंद पडले. २००५ मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले आणि शिक्षा झाली ती एकट्या बॉम्ब बनवणाऱ्याला. २०१० मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने हे सारे नोंदवले आणि आपल्या अहवालाच्या शीर्षकातच या घटनेला 'कॅनडाची शोकांतिका' म्हटले. हे मुद्दाम म्हणावे लागले, कारण पंचवीस वर्षे देशाने ती परक्यांची मानली होती. स्फोटानंतर कॅनडाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा दूरध्वनी केला होता तो राजीव गांधींना.

म्हणून, सरकारने काय करावे याचे माझे उत्तर असे : स्थलांतरितांच्या वस्तीतून आलेली तक्रार ही आपल्याच नागरिकाची तक्रार म्हणून घ्यावी, साक्षीदाराला संरक्षण द्यावे आणि यंत्रणांना माहितीची देवाणघेवाण करायला कायद्याने भाग पाडावे. सीमेवरची तपासणी नको, असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० जणांचा बळी घेणाऱ्यांपैकी दोघे बनावट सीरियन पारपत्रे दाखवून, निर्वासितांच्या लोंढ्यातून ग्रीसच्या लेरोस बेटावर उतरले होते. पण त्याच टोळीतले बहुतेक जण फ्रान्स आणि बेल्जियमचे नागरिक होते, आणि तिथे सीमेवरचा पहारा अपुरा पडतो. २०२० मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोक जन्मदेशाबाहेर राहत होते. मूठभरांच्या गुन्ह्यासाठी एवढ्या माणसांवर संशय धरणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय तपासाच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे.

प्रश्न : आईबाप कष्ट करून परदेशी गेले, मुले तिथेच जन्मली, तिथेच शिकली. अशी मुले त्याच देशावर का उलटतात?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट घडवून ५२ जणांचे प्राण घेणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्ये जन्मलेले, पाकिस्तानी वंशाचे, लीड्स परिसरातले होते. चौथा जमैकात जन्मून लहानपणीच ब्रिटनला आलेला होता. म्होरक्या एका प्राथमिक शाळेत मुलांना मदत करणारा कर्मचारी होता. तेव्हा केवळ गरिबीने किंवा निरक्षरतेने याचा उलगडा होत नाही. आईबापांचा गाव त्यांचा नाही आणि जन्मगाव आपले मानत नाही, अशा पोकळीत सापडलेल्या तरुणाला कुणीतरी एक मोठी, खोटी ओळख देतो आणि सूड हाच धर्म असल्याचे पटवतो. बहुसंख्य तरुण त्या पोकळीतूनही सरळ मार्गाने बाहेर पडतात. म्हणून ही पोकळी गुन्ह्याचे समर्थन ठरत नाही.

हे विष केवळ स्थलांतरितांच्या घरात पिकते, असेही नाही. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जणांना ठार मारणारा नॉर्वेतच जन्मलेला, स्थलांतराचा द्वेष करणारा माणूस होता. अधिक लोकशाही आणि अधिक मोकळेपणा हेच आमचे उत्तर असेल, असे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी तेव्हा सांगितले, आणि खटला साध्या न्यायालयात, नेहमीच्या कायद्याने चालला.

ब्रिटनने काही गोष्टी चांगल्या केल्या, काही चुकीच्या. आरोप न ठेवता नव्वद दिवस कोठडीत ठेवण्याचा प्रस्ताव संसदेने नोव्हेंबर २००५ मध्ये फेटाळला, ही मी चांगली गोष्ट मानतो. बर्मिंगहॅममध्ये मात्र २०१० मध्ये मुस्लिमबहुल वस्त्यांभोवती दहशतवादविरोधी निधीतून दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले, रहिवाशांना खरे कारण न सांगता. बोभाटा झाल्यावर ते काढावे लागले, पण तुटलेला विश्वास पुन्हा जोडणे कॅमेरे काढण्याइतके सोपे नव्हते. २०१५ च्या कायद्याने शाळांवर आणि रुग्णालयांवर अतिरेकाकडे झुकणाऱ्यांकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली. मी स्वतः वर्गात शिकवले आहे. ज्या शिक्षकाकडे मूल मनातली वेडीवाकडी शंका बोलून दाखवते, त्यालाच खबऱ्या केले तर ते मूल ती शंका दुसऱ्या कुणाकडे नेईल, ही भीती मला खरी वाटते.

डेन्मार्कच्या ऑर्हुस शहराची वाट मला अधिक पटते. तिथून २०१३ पर्यंत सुमारे तीस तरुण सीरियातल्या युद्धात सामील व्हायला गेले होते. पोलीस आणि नगरपालिकेने मिळून परतलेल्यांपैकी ज्यांच्यावर गुन्ह्याचा पुरावा नव्हता, त्यांना मार्गदर्शक, शिक्षण आणि काम मिळवून दिले, आईवडिलांचे गट बांधले, ज्या मशिदीत हे तरुण जात तिच्याशी बोलणे सुरू ठेवले. पुढच्या वर्षी जाणारे एकदोनच उरले. त्याचे सगळे श्रेय या उपक्रमाला देता येणार नाही, पण घाबरलेल्या आईला पोलिसांना दूरध्वनी करावासा वाटणे, हे त्या शहराने साधले होते.

प्रश्न : अशा लोकांचे नागरिकत्वच काढून घेतले तर?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ब्रिटनने २०१९ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या, पंधराव्या वर्षी 'इस्लामिक स्टेट' या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला सीरियाला गेलेल्या एका तरुणीचे नागरिकत्व काढून घेतले, ते तिला आईबापांमुळे बांगलादेशाचे नागरिकत्व मिळू शकते या आधारावर, आणि बांगलादेशाने तिला घ्यायला नकार दिला. ब्रिटिश न्यायालयांनी निर्णय कायम ठेवला, तरी मला तो पटत नाही. तिने गुन्हा केला असेल तर तिच्यावर ब्रिटनच्या न्यायालयात खटला चालायला हवा होता. शिवाय याच गुन्ह्यासाठी ज्याचे आईबाप इंग्रज आहेत त्याचे नागरिकत्व जात नाही, म्हणजे स्थलांतरितांच्या मुलांचे नागरिकत्व दुय्यम ठरते, आणि भरती करणारे त्यांच्या कानात हेच तर सांगत असतात. फ्रान्समध्ये पॅरिसच्या हल्ल्यानंतर दुहेरी नागरिकत्व असलेल्यांसाठी अशीच घटनादुरुस्ती सुचवली गेली. न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी तिला विरोध करून जानेवारी २०१६ मध्ये राजीनामा दिला आणि मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी तो प्रस्ताव मागे घेतला.