जमेची बाजू

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑनलाइन जाहिरात बघून रूमचं डिपॉझिट भरलंस, एजंट पैसे घेऊन गायब झाला, आता फोन उचलत नाही. आणि शेवटी तू लिहितेस, "काका, यापुढे कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलंय." पैशाचं खाली बघू. आधी या ठरवण्याचं बघू, कारण ते डिपॉझिटपेक्षा महाग पडेल.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून माझा जन्म वह्या लिहिण्यात गेला. त्यामुळे तुझी वही एकतर्फी लिहिलेली मला लगेच दिसते. एजंटनं बुडवलं ते तारखेसकट नावे पडलंय. पण त्याच पत्रात मेसच्या मावशींनी "पैशाचं नंतर बघू गं" म्हणून डबा चालू ठेवला, हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस. जमेला धरलंच नाहीस. सगळेच असं करतात. फसवणूक बोचते म्हणून लक्षात राहते. बंद पडलेल्या गाडीला कुणी हात लावला, सुट्टे नसताना रिक्षावाला "राहू द्या की" म्हणाला, ते घरी पोचेपर्यंत विसरून जातो.

चांगुलपणाचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात डॉ. कोटणीसांचं नाव निघतंच. १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार केले, १९४२ मध्ये तिथेच वारले. वय अवघं ३२. भैया चौकातलं त्यांचं स्मारक तू पाहिलंयस. पण ते उदाहरण मी तुला देणार नाही. एवढ्या उंच माणसाकडे बघून मान दुखते, आणि सोमवारी सकाळी सिटी बसच्या गर्दीत त्याचा काही उपयोग होत नाही.

त्यापेक्षा तुझी काकू सिव्हिलमध्ये ॲडमिट होती तेव्हाचं सांगतो. वॉर्डाबाहेर माझ्या शेजारी एक विडी कामगार बाई बसली होती, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. तिचं मराठी जेमतेम, माझं तेलुगू त्याहून कमी. विडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे दवाखान्यात बसला तो दिवस बिनपगारी. रात्री गारठा वाढला. जन्मभर चादरींचे हिशेब लिहिलेला मी, नुसत्या शर्टावर कुडकुडत होतो. तिनं पिशवीतून चादर काढली. जुनी, धुऊन धुऊन मोराची नक्षी पुसट झालेली, काठाचे दोरे सुटलेले. माझ्या गुडघ्यांवर टाकली आणि म्हणाली, "घ्या की ओ अण्णा." मग पेपरात बांधलेली कडक भाकरी काढून मोडली. तो कटकन आवाज ऐकून समोरच्या बाकावरचा माणूस जागा झाला, तर त्यालाही तुकडा आणि वर शेंगाचटणी. मी पैसे पुढे केले तेव्हा तिनं असं काही बघितलं की गुपचूप खिशात ठेवले.

सकाळी ती लेकीला घेऊन गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

यात एक गोष्ट तुझ्यासाठी आहे. तुला मदत घ्यायला संकोच वाटतो. लहानपणी शेजारी लाडू द्यायचे तेव्हाही तू हात मागे घ्यायचीस. ते "नको, नको" आता सोड. मावशींनी डबा दिला तर पोटभर जेव आणि आमटी छान झाली म्हणून सांग. देणाऱ्याचाही दिवस त्यानं बरा जातो.

तू म्हणशील, काका एका बाईवरून जग ठरवतात. कबूल, एका नोंदीवर ताळेबंद होत नाही. म्हणून हे बघ. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७,००० हून जास्त पाकिटं "रस्त्यात सापडलं" म्हणून बँका, पोस्ट, हॉटेलं अशा ठिकाणी काउंटरवर दिली आणि मालकाला किती जण कळवतात ते मोजलं. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. दुसऱ्या लोकांना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज नेमका उलटा होता. आता दिवाणजीच्या नजरेनं बघ: जवळपास निम्म्यांनी कळवलंच नाही. म्हणजे जग साधुसंतांचं नाही, पण आपण धरून चालतो त्याच्यापेक्षा बरं आहे.

आणि ते अपघाताचं. दुचाकीवाला पडला, लोक नुसते उभे राहिले, म्हणून तू त्यांना दगडाच्या काळजाचे म्हणालीस. अगं, पुष्कळांना पोलिसांची आणि कोर्टाच्या खेट्यांची धास्ती असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे माहीत नसतं म्हणून पाय अडखळतात. पुढच्या वेळी १०८ ला फोन लाव आणि तू पहिली पुढे हो. एक जण वाकला की चार जण धावतात, इथल्या सात रस्ता चौकात माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता पैसे. माणसांवर विश्वास ठेवायचा म्हणजे पावती घ्यायची नाही, असं कोण म्हणालं? त्या बाईनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. जो मागतो त्याच्याकडून सही घ्यायची, मग तो कितीही गोड बोलो. यूपीआयनं पैसे गेलेत, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला अजून फोन केला नसशील तर आज कर. अशा कामात उशीर नडतो. चॅट डिलीट करू नकोस.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये, स्टेशनवर मी घ्यायला येतो. पैसे पाठवल्याचे आणि चॅटचे प्रिंट आण, रविवारी बसून तक्रारीचा मसुदा करू. मावशींच्या डब्याचे पैसे मी तुझ्याबरोबर देतो. एजंटचे मिळोत न मिळोत, त्यांचे थकवू नकोस.

तुझा,
काका