वय ४३, गिअरची बाइक आता शिकता येईल का?

प्रश्न: मी कराडची, वय ४३. सायकल येते पण स्कूटीही कधी चालवली नाही. घरात नवऱ्याची १०० सीसीची बाइक पडूनच असते, ती शिकायचीय पण क्लच सोडला की गाडी धक्का देऊन बंद पडते आणि मला घाम फुटतो. जमेल का?

उत्तर: ताई, नक्की जमेल, आणि सायकल येते म्हणजे बॅलन्सचं अर्धं काम झालंय. गाडी बंद पडते कारण क्लच एकदम सुटतो. मोकळं सपाट मैदान बघा, पहिला गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरला हातही न लावता क्लच हळूहळू सोडत जा, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकायला बघते, तिथेच बोटं थांबवा, दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून दहा पावलं जा, परत क्लच दाबा, थांबा. हे पन्नास वेळा करा, कंटाळा आला तरी करा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. गिअर बदलणं दोन दिवसांत येतं. ब्रेक मात्र दोन्ही एकत्र, पुढचा हळू दाबत न्यायचा, हँडल वळलेलं असताना झटक्यात कधीच नाही.

लर्निंग लायसन्स आधी काढा, ते सहा महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी टेस्ट देता येते. फॉर्ममध्ये गिअरवाली मोटरसायकल हाच प्रकार निवडा. हेल्मेट मैदानातसुद्धा हवंच. आणि शिकवायला नवरा ओरडत असेल तर सरळ दुसरं कुणीतरी शांत माणूस बघा, हे मी अगदी मनापासून सांगते.