मुंग्या, टिटवी, चंद्राचं खळं यांवरून पावसाचा अंदाज खरंच बांधता येतो का?

येत्या काही तासांचा विचारत असाल तर बऱ्याचदा येतो. अख्ख्या पावसाळ्याचा विचारत असाल तर माझ्या मते नाही. वाद होतात ते या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे.

खळ्याबद्दलचं, म्हणजे चंद्राभोवती दिसणाऱ्या कड्याबद्दलचं, निरीक्षण मला सगळ्यात बारीक वाटतं. 'खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब' असं जुने लोक सांगतात. खरं तर मोठ्या खळ्याचा आकार बदलतच नाही. हात पूर्ण लांब करून पंजा ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा, करंगळी साधारण कड्यावर येते. हे अंतर २२ अंशांचं. खूप उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वळून हे कडं दिसतं. पावसाच्या मोठ्या ढगांपुढे असा पडदा अनेकदा पसरलेला असतो, म्हणून 'पाऊस जवळ'. चंद्राला चिकटलेलं लहान रंगीत वलय मात्र पाण्याच्या थेंबांमुळे पडतं, ते ढगच निराळे. म्हणजे एकच खळं लांब-जवळ होत नाही, खळी दोन प्रकारची असतात, आणि हा फरक दुर्बिणीशिवाय टिपला गेला होता! तरी नुसत्या खळ्यावर विसंबू नका, ढग दाट होत चाललेत का तेही बघा.

तापलेल्या दुपारी अचानक गार वारा मातीचा वास घेऊन आला, तर मात्र खुशाल विश्वास ठेवा. जवळपास कुठेतरी सरी सुरू झालेल्या असतात, ढगातून खाली कोसळलेली थंड हवा तिथून चहूकडे पसरते. वाळत घातलेले कपडे काढण्यापुरता वेळ मिळतो.

मुंग्या अंडी हलवतात त्याला वारुळातली ओल, उष्णता अशी बरीच कारणं असतात. पंख फुटलेली वाळवी तर बहुधा पाऊस पडून गेल्यावरच बाहेर येते. पावशा पक्षी ओरडतो कारण त्याचा विणीचा हंगामच तेव्हा असतो. पावसाळा जवळ आलाय हे त्यावरून कळेल, पण कोणत्या आठवड्यात येईल ते नाही.

राहिली टिटवी. अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, म्हणतात. पण ती उघड्या जमिनीवर सोयीची जागा बघून अंडी घालते, त्यामुळे शेजारच्या दोन रानांत दोन वेगळे अंदाज निघू शकतात. मोसमी पावसावर प्रशांत महासागरातल्या एल निनोसारख्या दूरच्या घडामोडींचा परिणाम होतो, त्याची खबर टिटवीला कशी लागणार? पेरणीचा निर्णय तिच्यावर सोडू नका, त्यासाठी हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघा.